न गळणाऱ्या केसांचा दिवस

आमचा पेढ्या पूडल आणि शित्झू यांच्या संकरातला कुत्रा. वजन सहा किलोच्या आत, अंगाचा रंग खरपूस भाजलेल्या खव्याचा. साताऱ्यात त्याला दुसरं नाव मिळणंच अवघड होतं. असली कुत्री विकताना ‘याचे केस गळत नाहीत’ हे वाक्य हमखास ऐकवतात. ते बरंचसं खरंही आहे. पण सुटलेला केस फरशीवर न पडता कुरळ्यांतच अडकतो आणि तिथे गुंता करतो, हे सांगायचं राहून जातं. फरशीचा केर वाचतो आणि तेवढंच काम कुत्र्याच्या अंगावर निघतं. मी घरीच ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. लग्नसराईच्या तोंडावरचा, मार्चमधला हा एक शुक्रवार. संध्याकाळी सांगलीला सासरी निघायचं होतं.

सकाळी ६.००

गोडोलीच्या बाजूला फेरी. अजिंक्यताऱ्यावर ऊन चढायच्या आत परत यायचं, कारण मार्चमध्ये नऊ वाजताच डांबर तापायला लागतं. पट्टा गळ्यात नाही, छातीला. छोट्या जातींची श्वासनळी नाजूक असते. गळ्याला हिसके बसले की खोकला जडतो. कोपऱ्यावरची भटक्या कुत्र्यांची टोळी भुंकत आली की मी पळत नाही आणि पेढ्याला झटकन उचलतही नाही, उचललं की ती अंगावर उड्या घेतात. त्यांच्या आणि त्याच्या मधे उभं राहायचं, सावकाश वाट बदलायची. खिशात पिशवी असतेच; आपल्या कुत्र्याची घाण आपण उचलायची.

कट्ट्यावरचे एक आजोबा रोज एकच प्रश्न विचारतात, “ताई, हे राखण करतंय का नुसतं खातंय?” साताऱ्यात हा प्रश्न साधा नाही. संगम माहुलीला थोरल्या शाहू महाराजांच्या खंड्या नावाच्या कुत्र्याची समाधी आहे. त्याने महाराजांना वाघापासून वाचवलं आणि त्याला पालखीचा मान मिळाला, असं सांगतात. पेढ्या वाघ सोडाच, मांजरालाही वाट देतो. “आजोबा, हे फक्त सोबत करतं,” एवढंच मी म्हणते.

सकाळी ७.००

घरात शिरण्याआधी पायरीवर झडती. या दिवसांत गवत वाळलेलं असतं आणि कुसळं कुरळ्या केसांत घट्ट रुततात. कुसळाची रचनाच अशी, की ते पुढे सरकतं, मागे येत नाही. बोटांच्या बेचक्यात शिरलं तर कातडीत घुसतं, कानात गेलं तर पडद्यापर्यंत पोचतं. चारही पंजे, काखा, कानांच्या पाळ्या बोटांनी चाचपायच्या. पंजा सतत चाटणारा किंवा एकाच बाजूला डोकं झटकणारा कुत्रा दिसला तर वाट न पाहता डॉक्टर गाठावा.

त्याच झडतीत गोचीड शोधायची. दाट केसांत ती दिसत नाही, हाताला दाण्यासारखी लागते. गोचीडताप साधा नव्हे: ताप, फिकट हिरड्या, खाण्यावरून मन उडणं, कधी गडद लघवी. त्यावरचं औषध डॉक्टर कुत्र्याच्या वजनाप्रमाणे देतात. शेजारच्या मोठ्या कुत्र्याचं उरलेलं औषध सहा किलोच्या जिवाला लावायचं नसतं.

सकाळी ८.३०

नाश्ता. उकडलेलं चिकन, भात, थोडा भोपळा, किंवा मोजून कोरडं खाद्य. आमटीत भिजवलेली पोळी बंद. कांदा-लसणाने कुत्र्याच्या तांबड्या पेशी फुटतात, आणि आपल्या आमटीत दोन्ही असतातच. त्याच्या आकाराला एक अख्खी पोळी म्हणजे जेवणच झालं. ‘एवढंसं दिलं’ म्हणत प्रत्येकाने तुकडा टाकला की छोट्या कुत्र्याचं वजन बघता बघता वाढतं, आणि ते सगळं गुडघ्यांवर येतं.

सकाळी ९.३० ते १२.३०

मशीन सुरू. पेढ्या टेबलाखाली झोपतो. खाली पडलेली चिंधी लगेच उचलायची, सुई उशीत टोचायची आणि दोऱ्याचा तुकडा डब्यात टाकायचा, हे नियम त्याच्यामुळे पक्के झाले. कुत्र्याने दोरा गिळला तर तो आतड्यात ताणला जाऊन आतडं गोळा होतं, चिरतंही. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा मागून लोंबताना दिसलं तरी ओढायचं नाही. तसंच दवाखान्यात न्यायचं.

मापाला आलेल्या एका वहिनींनी विचारलं, “आमच्याकडे दमा आहे. असला बिनकेसगळतीचा चालेल ना?” हा समज जुना आहे. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरॉन नावाच्या गृहस्थाने अंधांच्या मार्गदर्शक कुत्र्यांसाठी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर, म्हणजे लॅब्रॅडूडल, तयार केला. मागणी एका दृष्टिहीन बाईची होती, तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची ॲलर्जी होती. पुढे या संकरांचा बाजार जगभर झाला आणि कॉनरॉननेच त्याबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये पूडल आणि लॅब्रॅडूडलचे केस तपासले, तेव्हा ॲलर्जी आणणारं प्रथिन इतर कुत्र्यांपेक्षा कमी निघालं नाही, उलट जास्तच निघालं. हे प्रथिन लाळेत आणि कोंड्यातही असतं. वहिनींना म्हटलं, “आधी चार दिवस इथे येऊन बसा. श्वास कसा राहतो ते बघा, मग ठरवा.”

दुपारी २.३०

दिवसातलं मोठं काम, विंचरणं. आधी स्लिकर ब्रश, मग स्टीलची दातेरी फणी. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा फुललेला आणि छान दिसतो, आत मात्र कातडीलगत लोकरीचा नमदा जमत जातो. म्हणून केसांचा एकेक थर हाताने उचलायचा, मुळाशी भांग पाडायचा आणि फणी कातडीपासून टोकापर्यंत अडथळ्याविना गेली तरच पुढचा थर घ्यायचा. गुंता ठरलेल्या जागी होतो: कानांच्या मागे, काखेत, मांड्यांच्या आत आणि छातीचा पट्टा घासतो तिथे. गाठ लागली तर मुळाशी बोटांनी धरून ठेवायची, म्हणजे कातडी ओढली जात नाही, आणि टोकाकडून थोडी थोडी सोडवायची. माझ्या कापडाच्या कात्रीला इथे मज्जाव आहे. गाठीखालची कातडी वर उचललेली असते आणि कात्री नेमकी तिच्यावर चालते.

आंघोळ नेहमी विंचरल्यानंतर. गुंत्यावर पाणी पडलं की तो आवळतो, आत ओल राहते आणि कातडी लाल होऊन चिघळते. आंघोळीनंतर टॉवेलने चोळायचं नाही, दाबून टिपायचं आणि मुळापर्यंत वाळवायचं. पावसाळ्यात साताऱ्याच्या दमट हवेत हे दुप्पट वेळ खातं, तेव्हा केस आखूड ठेवलेले बरे. दर पाच-सहा आठवड्यांनी केस कापावेच लागतात, कारण ते वाढायचे थांबत नाहीत. डोळ्यांभोवतीचं काम मी सरावलेल्या हातांवरच सोडते.

शेवटी कान. लोंबती पाळी आणि आत केस, त्यामुळे हवा खेळत नाही. पाळी उलटून वास घ्यायचा. आंबूस वास, काळपट मळ किंवा लाली दिसली तर डॉक्टर. कानात कोमट तेल घालण्याचा आजीबाईचा उपाय इथे चालत नाही.

संध्याकाळी ४.३०

सांगलीची तयारी. लसीकरणाचं कार्ड पिशवीत. रेबीजची लस पिल्लू तीन महिन्यांचं झाल्यावर आणि पुढे दरवर्षी. आमचे डॉक्टर शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले. कॉलेज सातारा जिल्ह्यात, आणि ज्यांचं नाव त्याला आहे त्या नाना पाटलांचं येडेमच्छिंद्र सांगलीत. १९६० पर्यंत सांगली जिल्ह्याचं नावच दक्षिण सातारा होतं, तेव्हा सासर-माहेर फारसं लांब नाही.

गाडीत पेढ्या मागच्या सीटवर, छातीचा पट्टा सीटबेल्टला अडकवलेला. मांडीवर घेतलेलं कुत्रं ब्रेक लागला की पुढे फेकलं जातं. निघण्याआधी तीन तास खाणं बंद, नाहीतर उलटी. कऱ्हाडला पाणी आणि पाय मोकळे करणं. चहा प्यायचा तर आळीपाळीने, कारण बंद गाडीत कुत्र्याला पाच मिनिटंही ठेवायचं नाही. ते मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतं आणि काचा बंद असल्या की आतली हवा झपाट्याने तापते.

रात्री ८.००

पेठ नाका, आष्टा करत विश्रामबाग. सासरी तासगावच्या बागेतून नुकताच बेदाणा आलेला. ‘सांगलीचा बेदाणा’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आणि या घरात तो पाहुण्याच्या हातावर पाण्याआधी पडतो. सासूबाईंनी मूठ पुढे केली. “आई, त्याला नको देऊ,” मी म्हणाले. “एवढासा बेदाणा काय करतोय गं त्याला?” द्राक्ष आणि बेदाण्याने कुत्र्याची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. द्राक्षातलं टार्टारिक आम्ल त्याला कारणीभूत असावं, असं अलीकडचे पशुवैद्यक मानतात. एका कुत्र्याला पचलेले दाणे दुसऱ्याच्या जिवावर उठतात, म्हणून सुरक्षित मात्रा ठरवता येत नाही. खाल्ल्याचं कळल्यावर उलटीची वाट न बघता दवाखाना गाठायचा, पहिले काही तासच हाताशी असतात. सासूबाईंनी मूठ आवरली, मग ताटं उंच फळीवर गेली आणि शिऱ्याचं पातेलं झाकलं गेलं. द्राक्षपट्ट्यात कुत्री पाळणाऱ्या प्रत्येक घरात ही फळी हवी.

रात्री १०.००

दात. कुत्र्यांसाठीची पेस्ट आणि बोटात घालायचा मऊ ब्रश. आपली पेस्ट त्यांना चालत नाही. छोट्या जबड्यात दातांची दाटी होते आणि हिरड्या लवकर सडतात. मग झोप, पलंगाखालच्या गादीवर. उंचावरून उड्या मारल्या की या जातींच्या गुडघ्याची वाटी सरकू शकते.

फेऱ्या, झडती, विंचरणं, कान आणि दात मिळून रोजचे दोन तास जातात, आणि हे पुढची बारा-पंधरा वर्षं चालायचं. घरात एवढा वेळ देणारा माणूस असेल तरच असलं पिल्लू आणा, आणि आणताना त्याची आई डोळ्यांनी बघा, आई-बापाचे गुडघे आणि डोळे तपासलेत का ते विचारा. वेळ नसेल तर गल्लीतलं आखूड केसांचं गावठी पिल्लू घ्या, त्याला लस द्या, नसबंदी करा. सोबत तेही तेवढीच करतं, आणि फणी आठवड्यातून एकदा लागते.