पडद्यावरचे ग्रह कितपत खरे?

मैत्रिणींनो, सुट्टीत मुलं परग्रहावरचा सिनेमा बघतात आणि विचारतात, "आई, असं खरंच असतं का गं?" आमच्या गडमुडशिंगीत शिकवणीची मुलंही हेच विचारतात. "काहीतरीच!" म्हणून त्यांना गप्प करू नका. एकदा गप्प बसवलेलं मूल पुन्हा विचारत नाही.

'स्टार वॉर्स'मध्ये (१९७७) एका ग्रहावर दोन सूर्य मावळतात. ही निव्वळ कल्पना वाटे; पण २०११ साली दोन ताऱ्यांभोवती फिरणारा केप्लर-१६बी हा ग्रह खरोखरच सापडला. मात्र तो शनीच्या जातीचा, थंडगार आहे. सिनेमातलं तापलेलं वाळवंट तिथे नाही.

'द मार्शियन'मध्ये (२०१५) मंगळावरच्या वादळाने यान कलंडू लागतं. हे चूक! तिथल्या हवेचा दाब आपल्या हवेच्या शंभराव्या भागाहूनही कमी. तिथल्या वादळात धूळ उडेल, पण यान ढकलण्याइतका जोर त्या वाऱ्यात नाही.

'इंटरस्टेलर'मध्ये (२०१४) एका ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं! कृष्णविवराजवळ काळ मंदावतो, हे शास्त्राला धरूनच आहे. या सिनेमाचे सल्लागार किप थॉर्न यांना २०१७ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता मुलांना एक गणित घाला. चंद्रावर वजनकाटा पृथ्वीच्या सहावा हिस्सा दाखवतो. मग साठ किलोची आई तिथे किती भरेल? दहा किलो! हवा नसल्याने तिची हाकही ऐकू जाणार नाही, हेही सांगा.

आणि कोल्हापुरात १९३८ साली जन्मलेल्या जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा घरी जरूर आणा. मुलांबरोबर तुम्हीही वाचा.