भांडवलाची कसोटी

सोलापूरहून दक्षिणेकडे निघालेली आगगाडी थोड्याच वेळात होटगी स्थानकात शिरते. येथे लोहमार्गाला फाटा फुटतो. एक मार्ग वाडीकडे जातो आणि दुसरा विजापूरकडे वळतो. होटगीहून सडकेने सोलापूरला जाऊ लागलो, म्हणजे वाटेत सोलापूरचा विमानतळ लागतो. विमानाचा आवाज कानी पडताच शेतात काम करणारी माणसे क्षणभर हात थांबवून वर पाहतात. मुले तर ते दिसेनासे होईपर्यंत मान खाली घालीत नाहीत. एवढे जड यंत्र हवेत तरंगते कसे, असा प्रश्न त्या वेळी आपल्या मनात येतो. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न आहे. आपल्या देशात विमाने बांधण्याचा पहिला कारखाना निघाला, तेव्हा त्यासाठी लागणारा पैसा कोणी दिला आणि कोणत्या भरवशावर दिला? हा कारखाना काढण्याचा ध्यास घेणारा पुरुष ह्याच सोलापुरात जन्मला होता. त्याची हकीकत नीट समजण्यासाठी आपण आधी एक लहानसे उदाहरण घेऊ.

समजा, होटगीतील एका भगिनीला कडक भाकरीचा व्यवसाय काढावयाचा आहे. सोलापूरकडची ज्वारीची कडक भाकरी पापडासारखी पातळ असते आणि पुष्कळ दिवस टिकते. ह्या बाईंच्या हाताला चव आहे, अंगी उमेद आहे. पण यंत्र, भट्टी आणि ज्वारीचा साठा ह्यांसाठी लागणारे साठ हजार रुपये त्यांच्याजवळ नाहीत. धंदा सुरू करण्यासाठी लागणाऱ्या अशा पैशाला भांडवल म्हणतात. ते दोन रीतींनी मिळू शकते. पहिली रीत कर्जाची. तीत धंदा चालो वा न चालो, मुद्दल आणि व्याज फेडावेच लागते. दुसरी रीत भागीदारीची. तीत पैसे देणारा धंद्याचा भागीदार होतो. नफा झाला तर त्याला वाटा मिळतो आणि तोटा झाला तर त्याचाही पैसा बुडतो. म्हणूनच भांडवल देणारा मनुष्य सहसा चटकन ‘हो’ म्हणत नाही.

तो चार प्रश्न विचारतो. तुमचा माल घेणार कोण? तो तयार करण्याचे ज्ञान तुमच्याजवळ आहे काय? खर्च किती आणि पैसा परत कधी मिळणार? आणि शेवटचा प्रश्न तो बहुधा तोंडाने विचारीत नाही, मनातच ठेवतो: हा मागणारा मनुष्य कसा आहे?

आपल्या भाकरीवाल्या बाई हिशेब मांडतात. एका भाकरीला सात रुपये खर्च येईल. ती आठ रुपयांना विकली जाईल. रोज पाचशे भाकऱ्या खपल्या, तर रोज पाचशे रुपये उरतील आणि साठ हजार रुपये एकशे वीस दिवसांत, म्हणजे चार महिन्यांत, फिटतील. हिशेब सुरेख आहे. परंतु समोरचा मनुष्य विचारतो, ‘‘बाई, पाचशे केल्या आणि दोनशेच खपल्या, तर?’’ बाई पुन्हा आकडे मांडतात. पाचशे भाकऱ्यांचा खर्च साडेतीन हजार रुपये आणि दोनशे भाकऱ्यांची विक्री सोळाशे रुपये. एकाच दिवसात एकोणीसशे रुपये अडकले! बाईंना प्रथम वाईट वाटते. पण रात्रभर विचार करून त्या दुसऱ्या दिवशी निराळी योजना आणतात. दुकानदारांनी आगाऊ मागणी नोंदविली असेल तेवढ्याच, म्हणजे रोज दोनशे भाकऱ्या आरंभी करावयाच्या. मग रोज दोनशे रुपये उरतील आणि भांडवल फिटण्यास तीनशे दिवस लागतील. चार महिन्यांचे दहा महिने झाले खरे. परंतु भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसतो तो ह्या दुसऱ्या आकड्यावर. पहिला आकडा आशेने काढलेला होता, दुसरा शंकेच्या कसोटीवर घासून निघालेला आहे.

आता हेच चार प्रश्न मनात ठेवून विमानाच्या कारखान्याकडे वळू.

वालचंद हिराचंद दोशी ह्यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापुरात एका व्यापारी कुटुंबात झाला. घरचा परंपरागत व्यवसाय सोडून त्यांनी लक्ष्मणराव फाटक ह्या पूर्वी रेल्वेत कारकून असलेल्या गृहस्थांशी भागीदारी केली आणि लोहमार्ग बांधण्याची कंत्राटे घेतली. पुढे १९१९ साली नरोत्तम मोरारजी इत्यादी सहकाऱ्यांसह त्यांनी सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन ही जहाज कंपनी स्थापन केली. त्याच वर्षी ५ एप्रिल रोजी त्या कंपनीची ‘लॉयल्टी’ ही आगबोट मुंबईहून इंग्लंडला निघाली. बलाढ्य ब्रिटिश कंपन्यांच्या स्पर्धेला तोंड देऊन ही कंपनी टिकली. पुढे भारतात ५ एप्रिल हा दिवस राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जाऊ लागला.

१९३९ साली दुसरे महायुद्ध सुरू झाले. त्याच वर्षी परदेशच्या प्रवासात वालचंदांची विल्यम पॉली ह्या अमेरिकन गृहस्थांशी योगायोगाने गाठ पडली. पॉली हे चीनमध्ये विमाने बांधण्याचा कारखाना चालवीत होते. चीनमध्ये विमाने बांधता येतात, तर भारतात का येऊ नयेत? हा विचार वालचंदांच्या मनात घर करून बसला.

परंतु पहिल्याच प्रश्नाने वाट अडविली. माल घेणार कोण? भाकरी घराघरांत खपते. लढाऊ विमान मात्र सरकारच घेऊ शकते. आणि त्या वेळी देशावर राज्य करणाऱ्या ब्रिटिश सरकारने आरंभी ह्या योजनेविषयी उत्साह दाखविला नाही. भारतासारख्या देशात विमाने बांधली जातील, ह्यावर पुष्कळांचा विश्वासच नव्हता. पुढे जून १९४० मध्ये फ्रान्सचा पाडाव झाला, युद्धाचा रंग पालटला आणि विमानांची निकड सर्वत्र भासू लागली. तेव्हा सरकारने ह्या योजनेस अनुमती दिली. ह्या अवधीत वालचंदांनी आपला नाद सोडून दिला असता, तर अनुकूल वेळ येऊनही तिचा उपयोग झाला नसता.

दुसरा प्रश्न ज्ञानाचा. विमाने बांधण्याची विद्या आपल्याजवळ नाही, हे वालचंद जाणून होते. त्यासाठी त्यांनी पॉली ह्यांच्या कंपनीचे साहाय्य घेतले. आपणांस जे येत नाही ते मान्य करून जाणत्याला बरोबर घेणे, हे भांडवल मागणाऱ्याच्या दुबळेपणाचे नव्हे, शहाणपणाचे लक्षण आहे.

तिसरा प्रश्न पैशाचा. ह्या वेळी म्हैसूर संस्थान पुढे आले. तेथील दिवाण सर मिर्झा इस्माईल हे उद्योगधंद्यांचे मोठे पुरस्कर्ते होते. संस्थानाने बंगळूर येथे सुमारे सातशे एकर जमीन देऊ केली आणि पंचवीस लाख रुपये भांडवल घातले. २३ डिसेंबर १९४० रोजी ‘हिंदुस्थान एअरक्राफ्ट’ ह्या कंपनीची स्थापना झाली. १९४१ साली भारत सरकारही एकतृतीयांश भागाचे भागीदार झाले. म्हणजे, प्रथम ज्याने मान हलविली होती, त्यानेच पुढे पैसा घातला!

ह्या साऱ्यांच्या मुळाशी होता तो चौथा, न विचारलेला प्रश्न. मागणारा मनुष्य कसा आहे? त्याचे उत्तर वालचंदांनी बोलून दिले नव्हते. ते लोहमार्गाच्या कामांनी आणि समुद्रावर टिकून राहिलेल्या जहाजांनी आधीच दिले होते. लहान कामे चोख केलेल्या माणसालाच मोठ्या कामासाठी पैसा मागता येतो.

१९४१ च्या ऑगस्ट महिन्यात बंगळूरच्या कारखान्यात जुळविलेले हार्लो जातीचे पहिले शिकाऊ विमान आकाशात उडाले. कंपनीच्या स्थापनेला तेव्हा एक वर्षही पुरे झाले नव्हते.

परंतु ही गोष्ट येथे गोड होऊन संपत नाही. युद्ध भारताच्या सीमेजवळ येऊन ठेपले आणि १९४२ मध्ये सरकारने वालचंदांचा भाग विकत घेऊन कारखान्याचा कारभार स्वतःच्या हाती घेतला. ज्याने कल्पना काढली, दारोदार जाऊन ती पटवून दिली, तो कारखान्याबाहेर राहिला. दुसऱ्याचा पैसा आपल्या धंद्यात आला, म्हणजे त्याच्या मालकीत आणि अधिकारात दुसऱ्याचाही हात येतो. भांडवल मागणाऱ्याने हे आधीच ओळखून असावे. तथापि, कारखाना राहिला. १९५१ साली तेथे डॉ. विष्णू माधव घाटगे ह्या मराठी शास्त्रज्ञाच्या मार्गदर्शनाखाली आखलेले ‘एचटी-२’ हे भारतीय शिकाऊ विमान उडाले. पुढे १९६४ मध्ये ह्याच कंपनीतून आजची हिंदुस्थान एरोनॉटिक्स ही संस्था घडली.

आजही अनेक तरुण नव्या कल्पना घेऊन भांडवलदारांपुढे उभे राहतात. कोणी शेतकऱ्यांसाठी यंत्र काढू पाहतो, कोणी संगणकाच्या साहाय्याने नवी सोय करू पाहतो. साधने पालटली, पण प्रश्न तेच चार आहेत. शंका घेणारा मनुष्य आपला शत्रू आहे असे समजून पुष्कळजण रागावतात आणि परत फिरतात. वास्तविक, सोने खरे की खोटे हे सराफ कसोटीवर घासून पाहतो, त्यात सोन्याचा अपमान नसतो. शंका घेणाऱ्याचे म्हणणे प्रत्येक वेळी बरोबरच असते, असेही नाही. विमानाच्या कारखान्याविषयी शंका घेणारे चुकलेच होते. परंतु त्यांच्या प्रश्नांना उत्तर द्यावे लागले, म्हणून ती कल्पना कागदावरून उठून बंगळूरच्या जमिनीवर उभी राहिली.

मुलांनो, उद्या होटगीच्या आकाशात विमान दिसले, तर ते अवश्य डोळे भरून पाहा. आणि तुमच्या मनातील एखाद्या कल्पनेविषयी कोणी ‘‘हे कसे जमेल?’’ असे विचारले, तर रागावू नका. घरी या, कागद घ्या आणि त्या प्रश्नाचे उत्तर मांडून पाहा. उत्तर सापडले, तर कल्पना बळकट होईल. न सापडले, तर दुसऱ्याचा पैसा बुडविण्याआधी तुम्ही सावध व्हाल.