संगणकाच्या कोठींतील आवराआवर

दिवाळीच्या आधीं घरांतील माळा झाडावयास घेतला म्हणजे एक वाद हटकून उभा राहतो. एकाला जी अडगळ वाटते ती दुसऱ्याला उद्यां लागणारी वस्तु वाटते. आणि त्या वस्तूकडे कितीही वेळ पाहत बसलें तरी दोघांपैकीं बरोबर कोण हें ठरत नाहीं. ती घरांत कशासाठीं आली होती आणि टाकल्यावर पुन्हां मिळण्यासारखी आहे कीं नाहीं, हें ज्याला ठाऊक असेल त्यालाच निवाडा करतां येतो. संगणकांत सांठणाऱ्या सॉफ्टवेअरच्या बाबतींतही हाच वाद उद्भवतो. तेथें निवाड्याचें काम पॅकेज मॅनेजर नांवाच्या एका कारभाऱ्याकडे सोंपविलेलें असतें.

असे कारभारी अनेक आहेत व प्रत्येकाची रीत थोडीफार निराळी. परंतु डेबियन या प्रणालीवरील ‘ॲप्ट’चा कारभार पाहिला म्हणजे बाकीच्यांचें मर्म ध्यानांत येण्यास अडचण पडत नाहीं. लिनक्सवर आधारलेली ही प्रणाली इयान मर्डॉक यानें १९९३ सालीं सुरू केली. त्याचें स्वतःचें व पुढें त्याची पत्नी झालेल्या डेब्राचें अशीं दोन नांवें जोडून ‘डेबियन’ हा शब्द बनला. ॲप्ट तिच्यांत १९९९ सालच्या आवृत्तीपासून नांदत आहे. उबुंटू ही प्रणाली याच घराण्यांतली, तेव्हां तेथेंही कारभारी हाच. त्याच्याशीं बोलावयाचें तें चित्रांवर बोट ठेवून नव्हे, तर पडद्यावर एकेक ओळ लिहून. हुकूम दोन-तीन शब्दांचा. पण त्याचा परिणाम कधीं कधीं हजारों फायलींवर होतो.

पॅकेज म्हणजे काय, हें आधीं पाहिलें पाहिजे. प्रोग्राम लिहिणारा मनुष्य जें लिहितो तें संगणकाला जसेंच्या तसें चालवितां येत नाहीं. त्याचें यंत्रभाषेंत रूपांतर करावें लागतें, आणि या बांधणींत मधल्या अवस्थेंतील पुष्कळ फायली तयार होतात. बांधणी संपली कीं चालतें रूप, त्याला आणखी कोणकोणत्या पॅकेजांची गरज आहे याची यादी व स्थापनेच्या सूचना हें सर्व एका पुडक्यांत बांधतात. तें पुडकें म्हणजे पॅकेज.

मधल्या अवस्थेंतील फायली नुसती जागा अडवून बसल्या असत्या तर त्यांचें एवढें कौतुक नव्हतें. त्या पुढील बांधणींत मिसळतात, हें खरें दुखणें. सोऱ्यांत चकलीचें पीठ राहून गेलें आणि त्यावरच शेवेचें पीठ भरलें, तर पहिला घाणा धड शेवेचा होत नाहीं व धड चकलीचाही होत नाहीं. बेल प्रयोगशाळेंत १९७६ सालीं स्टुअर्ट फेल्डमन यानें ‘मेक’ नांवाचें बांधणीचें साधन रचलें. तें फायलींच्या वेळा पडताळून पाहतें. तयार फाईल मूळ लेखनाहून नवी दिसली तर ती पुन्हां बांधण्याचे श्रम तें घेत नाहीं. वेळ यामुळें फार वांचतो. परंतु बांधणीचा एखादा पर्याय बदलला आणि मूळ लेखन मात्र तसेंच राहिलें, तर जुनी फाईल निमूटपणें नव्या पॅकेजांत जाऊन बसते. म्हणून डेबियनच्या नियमांप्रमाणें प्रत्येक मूळ पॅकेजाबरोबर ‘क्लीन’ नांवाची एक कृति असावीच लागते, आणि बांधणीनें जें जें निर्माण केलें तें तें तिनें नाहींसें केलें पाहिजे. अपवाद एकच: बांधून तयार झालेलीं व वरच्या फोल्डरांत ठेवलेलीं पॅकेजें. सोऱ्या धुवावयाचा, डब्यांत भरलेल्या चकल्यांस हात लावावयाचा नाहीं.

ही झाली बांधणाऱ्याच्या घरची गोष्ट. वापरणाऱ्याच्या संगणकावर तयार पॅकेज नेटवरून येतें व प्रथम एका ठराविक सांठ्यांत उतरतें. मग तें उलगडून त्यांतील फायली आपापल्या जागीं ठेवल्या जातात. हें झालें तरी मूळचें पुडकें सांठ्यांत तसेंच राहूं शकतें. ‘ॲप्ट-गेट’ हा जुना हुकूम तें ठेवून देतो, तर ‘ॲप्ट’ हा नवा हुकूम स्थापना यशस्वी होतांच तें आपण होऊन काढून टाकतो. ‘क्लीन’ म्हटलें कीं हा सारा सांठा रिकामा होतो. चालूं असलेल्या प्रोग्रामाला यानें कसलाही धक्का लागत नाहीं, कारण त्याची प्रत केव्हांच जागेवर बसलेली असते. जागा तेवढी मोकळी होते.

‘ऑटोक्लीन’ या दुसऱ्या हुकुमाचा न्याय मात्र क्षणभर थांबून पाहण्यासारखा आहे. तो सांठ्यांतील सर्व पुडकीं काढीत नाहीं. जीं आतां मूळ भांडारांतून पुन्हां उतरवून घेतां येत नाहींत तेवढींच काढतो. भांडारांत नवी आवृत्ति आली कीं जुनी तेथून जाते, आणि घरची जुनी प्रत निरुपयोगी ठरते, असा त्यामागील हिशेब. बहुतेक वेळां तो बरोबरही असतो. पण नव्या आवृत्तीनें छपाईयंत्र चालेनासें झालें आणि मागील आवृत्तीवर परतावयाचें असेल, तर नेमकें जें दुसरीकडे मिळणार नाहीं तेंच घरांतून गेलेलें असतें! डेबियनपुरती यावर एक तोड आहे. २००५ सालापासूनचीं जुनीं पॅकेजें तारीखवार राखणारें एक निराळें संग्रहालय त्या प्रकल्पानें चालविलें आहे व तेथून हवी ती प्रत शोधून आणतां येते.

तिसरा हुकूम ‘ऑटोरिमूव्ह’. हा चालत्या पॅकेजांनाच हात घालतो. एखादें पॅकेज मागितलें म्हणजे त्याच्याबरोबर त्याला लागणारीं दहा-वीस पॅकेजें येतात. मागून आणलेलें कोणतें व दुसऱ्याच्या गरजेपायीं आलेलें कोणतें, याची नोंद ॲप्ट ठेवतो. पुढें मागितलेलें पॅकेज काढून टाकलें तरी सोबतचीं मागें राहतात. लग्नघरचें वऱ्हाड निघून गेलें आणि सामान उतरवावयास आलेले गडी ओसरीवरच बसून राहिले, तसेंच हें. ॲप्ट मग मागून आणलेल्या व प्रणालीला अत्यावश्यक अशा पॅकेजांपासून निघतो, गरजेचा एकेक धागा धरून पुढें जातो, आणि ज्यांच्यापर्यंत एकही धागा पोहोंचत नाहीं तीं काढण्यासाठीं पुढें करतो. जॉन मॅकार्थी यानें लिस्प या भाषेकरितां स्मृतींतील कचरा ओळखण्याची जी युक्ति १९६० सालीं प्रसिद्ध केली, तीही तत्त्वतः हीच.

घोटाळा होतो तो नोंदींमुळें. सबंध डेस्कटॉप पुष्कळदां एका पोकळ पॅकेजाच्या द्वारें येतो. त्या पॅकेजांत स्वतःचें म्हणण्यासारखें कांहीं नसतें, असते ती केवळ गरजांची यादी. वापरणारा त्या यादींतील एखादा नकोसा खेळ काढावयास जातो. खेळाबरोबर तें पोकळ पॅकेजही जातें, कारण त्याची एक गरज आतां अपुरी राहिली. मग रोज वापरांतले कितीतरी प्रोग्राम एका क्षणांत अनाथ ठरतात. त्यांना कोणीं नांवानें मागितलेलें नव्हतें, एवढाच त्यांचा अपराध. पुढील ‘ऑटोरिमूव्ह’ त्यांची लांबलचक यादी दाखवितो आणि होय कीं नाहीं असें विचारतो. ‘ॲप्ट-मार्क मॅन्युअल’ या हुकुमानें, हें आपण मागितलेलें आहे, अशी नोंद करून ठेवली तर तें पॅकेज वांचतें.

यादी न वाचतां होकार देण्याचा एक प्रसंग २०२१ सालीं फार गाजला. डेबियनच्याच वंशांतील एका प्रणालीवर खेळांचें एक पॅकेज घेतांना, भांडारांतील तात्पुरत्या विसंगतीमुळें, ॲप्टनें सारा डेस्कटॉप काढण्याचा बेत पुढें मांडला. त्यानें धोक्याची सूचनाही दिली होती, आणि ‘होय, मी सांगतों तसें कर’ या अर्थाचें सबंध वाक्य टंकून घेतल्याशिवाय तो पुढें सरकला नाहीं. एका नामांकित चित्रफीतकारानें कॅमेऱ्यासमोर तें वाक्य टंकलें व डेस्कटॉप गेला. त्याच सुमारास ॲप्टमध्यें बदल झाला. आतां नुसतें वाक्य लिहून भागत नाहीं. अत्यावश्यक पॅकेज काढावयाचेंच असेल तर हुकुमांतच तशी वेगळी परवानगी लिहावी लागते.

कर्नेल, म्हणजे प्रणालीचा गाभा, याच्याविषयीं ॲप्ट स्वतःच सावध असतो. नव्या कर्नेलाबरोबर जुने सांठत जातात व ‘बूट’ हा छोटा विभाग भरून पुढील अद्ययावतीकरण अडतें, ही तक्रार नित्याची आहे. ‘ऑटोरिमूव्ह’ जुने कर्नेल काढतो, पण त्या वेळीं चालूं असलेला आणि सर्वांत नवा यांना वगळून. नवा सुरू झाला नाहीं तर परतावयास वाट असावी म्हणून.

साध्या ‘रिमूव्ह’नें पॅकेज गेलें तरी त्याची मांडणी सांगणाऱ्या फायली राहतात, आणि तेंच पॅकेज पुन्हां आणलें कीं जुनी घडी परत बसते. त्याही नको असतील तर ‘पर्ज’ म्हणावें लागतें. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या फोल्डरांतील पत्रें, छायाचित्रें व प्रोग्रामांनीं तेथें लिहून ठेवलेल्या आवडीनिवडी यांना दोन्ही हुकूम शिवत नाहींत. आणि कोणत्याही हुकुमाला ‘सिम्युलेट’ची खूण जोडली, तर ॲप्ट कांहींही न काढतां, काय काय काढलें असतें याची यादी छापून स्वस्थ बसतो.