केडगावच्या पंडिता रमाबाई

दुष्काळात उपासमारीने आईवडील गेले, पुढे भाऊ गेला. 1882 साली पटकीने नवराही गेला, पदरी तान्ही लेक मनोरमा. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पण मला त्यांची श्रद्धा खरी दिसते ती 1896-97च्या दुष्काळात. उपासमार स्वतः भोगलेली ही बाई मध्य प्रांतात गेली आणि शेकडो भुकेल्या मुली-विधवांना घेऊन आली. केडगावच्या मुक्ती सदनात त्यांना नुसतं अन्न नाही, तर अक्षरओळख आणि हाताला कामही मिळालं. तरुणपणापासूनच कमी ऐकू यायचं, तरी उतारवयात हिब्रू-ग्रीक शिकून त्यांनी बायबल साध्या मराठीत आणलं. छपाई आश्रमातल्या बायकांनीच केली! 1921मध्ये मनोरमा गेली, तरी काम थांबलं नाही. पुणे-दौंड लोहमार्गावरच्या केडगावात मुक्ती मिशन आजही चालू आहे, जरूर पाहून या.