साडेतीन तारे

हौशी सिनेरसिकाच्या वहीत प्रत्येक सिनेमाच्या वाट्याला एक ओळ येते. पाहिल्याची तारीख, सिनेमाचे नाव, प्रदर्शनाचे वर्ष, दिग्दर्शक, कुठे पाहिला, आणि ओळीच्या शेवटी गुण. वहीची जागा बऱ्याच ठिकाणी फोनमधल्या ॲपने घेतली असली तरी ओळीची मांडणी तीच राहिली आहे. गुण लिहायला या ओळीत सर्वांत कमी जागा लागते आणि ठरवायला सर्वांत जास्त वेळ.

वृत्तपत्रातल्या समीक्षकाला शुक्रवारी जे लागेल ते पाहावे लागते आणि लगेच निकालही द्यावा लागतो. हौशी माणसावर ही सक्ती नाही. तो स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या सवडीने, निवडून पाहतो. नाहीच पटले तर मध्यंतरात उठून जातो. मात्र समीक्षकाला सहसा न पडणारा एक पेच त्याला दर आठवड्याला पडतो. मंगळवारी रात्री घरी पाहिलेला १९३७चा ‘कुंकू’ आणि शनिवारी मल्टिप्लेक्समध्ये पाहिलेला ताजा सिनेमा त्याच्या वहीत एकाखाली एक उतरतात, आणि दोघांना एकच पट्टी लावायची असते.

ताऱ्यांची पट्टी शंभरीला आली आहे. न्यूयॉर्कच्या ‘डेली न्यूज’मध्ये आयरीन थायरर यांनी १९२८च्या जुलैअखेरीस सिनेमांना तारे द्यायला सुरुवात केली, तेव्हा जास्तीत जास्त तीनच तारे मिळत. भारतीय वृत्तपत्रांत पाच तारे रुळले. अर्धा तारा धरला की पाचांचे दहा टप्पे होतात. ‘लेटरबॉक्स्ड’ या सिनेरसिकांच्या ॲपवर तसेच दहा टप्पे आहेत, तर ‘आयएमडीबी’वर थेट दहापैकी गुण द्यायचे असतात. हिशेबाने दोन्ही पट्ट्या सारख्याच. वापरात मात्र नाहीत. ३५ला पास, ६०ला फर्स्ट क्लास, ७५ला डिस्टिंक्शन या हिशेबात वाढलेल्या माणसाला पाचपैकी अडीच म्हणजे ‘ठीक आहे’ वाटते, पण दहापैकी पाच देताना हात आखडतो, कारण ते काठावर पास झाल्यासारखे दिसतात. त्यामुळे एकाच सिनेमाला एकच माणूस पाचपैकी तीन आणि दहापैकी सात देतो आणि त्यात त्याला विसंगती जाणवत नाही. शंभरपैकी गुण देणारेही असतात, पण ७१ आणि ७३ यांतला फरक त्यांना स्वतःलाच दुसऱ्या दिवशी सांगता येत नाही.

टोकाचे गुण सोपे असतात. पाच तारे मिळवणारा सिनेमा संपतानाच कळतो, अर्ध्या ताऱ्याचा बहुधा त्याआधीच. खरी मेहनत अडीच ते साडेतीन या पट्ट्यात असते, कारण निवडून पाहिले तरी बहुतेक सिनेमे तिथेच येऊन पडतात. मुरलेला रसिक इथे पाचपैकी किती, असा प्रश्न विचारणे सोडून देतो. प्रत्येक टप्प्यासाठी पूर्ण ओळखीचा एकेक सिनेमा त्याने मापाला धरलेला असतो आणि नव्या सिनेमाबद्दल तो एवढेच विचारतो की हा त्याच्या वर बसतो की खाली. ‘सामना’ चाराच्या जागी ठेवला असेल, तर राजकारणावरचा पुढचा प्रत्येक मराठी सिनेमा आधी ‘सामना’शेजारी उभा राहतो. मापाचे सिनेमेही अधूनमधून पुन्हा पाहावे लागतात. ते वर्षानुवर्षे नुसते आठवणीत राहिले की फुगतात.

जुन्या सिनेमाला गुण देताना पहिला प्रश्न सिनेमाचा नसून प्रतीचा असतो. मूकपटांचे कॅमेरे हाताने फिरवले जात आणि त्यांचा वेग बहुधा सेकंदाला १६ ते २० चौकटींच्या आसपास राही. तीच फिल्म पुढे बोलपटाच्या २४ चौकटींच्या वेगाने चालवली की माणसे तुरुतुरु धावतात. दादासाहेब फाळके यांचा ‘कालिया मर्दन’ (१९१९) अशा प्रतीत पाहणाऱ्याला फाळक्यांची कन्या मंदाकिनी हिचा बाळकृष्ण गमतीदार वाटेल, पण तिच्या अभिनयाचे मोल त्यावरून ठरवता येणार नाही. बोलपटांच्या बाबतीत खरखरणारा आवाज, वरून कापलेली डोकी आणि चौरस चित्र ताणून रुंद पडदा भरण्याची हौस या नेहमीच्या व्याधी. ‘पथेर पांचाली’ आणि अपू मालिकेतल्या इतर चित्रपटांच्या मूळ निगेटिव्ह १९९३मध्ये लंडनमधल्या आगीत होरपळल्या. त्यांतून जे हाती लागले ते जोडून, उरलेले इतर प्रतींतून भरून २०१५मध्ये नवी प्रत दाखवली गेली. दूरचित्रवाणीवरच्या जुन्या, ओरखडलेल्या प्रतीला एके काळी तीन तारे दिलेल्या माणसाने ही प्रत पाहून साडेचार दिले तर त्याची आवड बदलली असे म्हणता येत नाही. पाऊस आणि काशफुलांचे रान त्याला पहिल्यांदाच नीट दिसले.

कधी सिनेमाच दोन असतात. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ला लागला तेव्हा शेवटी पोलीस येतात आणि गब्बर ठाकूरच्या पायाखालून सुटतो. सेन्सॉरच्या आग्रहाने तो शेवट बसवलेला होता. ठाकूर गब्बरला मारतो तो मूळ शेवट जोडलेली दुरुस्त प्रत २०२५मध्ये इटलीतल्या बोलोन्याच्या महोत्सवात दाखवली गेली. ज्याने दोन्ही पाहिले त्याला दोन ओळी लिहाव्या लागतात. म्हणून ‘कुठे पाहिला’ या रकान्यात चित्रपटगृहाच्या नावाबरोबर कोणती प्रत हेही टिपणे शहाणपणाचे. ही टीप नसलेली पाच वर्षांपूर्वीची ओळ लिहिणाऱ्यालाही उपयोगाची राहत नाही.

प्रतीनंतर दबाव येतो तो कीर्तीचा. ‘सिटिझन केन’ हे नाव आधी इतक्यांदा ऐकलेले असते की न आवडल्याचे लिहिणे म्हणजे स्वतःचेच अज्ञान कबूल करणे वाटते. काहींना नेमकी त्याचीच हौस असते आणि ते दीड तारा ठोकून मोकळे होतात. दोन्ही गुण सिनेमाला दिलेले नसतात. अभिजात सिनेमांची उतरंडसुद्धा स्थिर नाही. ब्रिटनच्या ‘साइट अँड साउंड’ या मासिकाने १९५२पासून दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांकडून दहा-दहा नावे मागवली. पहिल्या खेपेला ‘बायसिकल थीव्ज’ वर होता आणि ‘केन’ पहिल्या दहातही नव्हता, पुढे १९६२ ते २००२ ‘केन’च पहिला राहिला, २०१२मध्ये ‘व्हर्टिगो’ आला आणि २०२२मध्ये शांताल आकेरमान यांचा २०१ मिनिटांचा ‘जान दिएलमान’. तज्ज्ञांचेच मत इतके हलत असेल तर हौशी माणसाने साडेतीन तारे देताना ओशाळण्याचे कारण नाही.

तरीही जुन्या सिनेमासाठी थोडी पूर्वतयारी लागते, आणि ती गुणांत उतरते. ‘कुंकू’मध्ये पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, पावले, ग्रामोफोन असे दृश्यातूनच येणारे आवाज तेवढे आहेत. हे माहीत नसलेला प्रेक्षक त्या शांततेचा दोष तंत्राच्या गरिबीला देतो. प्रत्यक्षात १९३७च्या प्रभातकडे उत्तम संगीतकार आणि सुसज्ज स्टुडिओ होता, व्ही. शांताराम यांनी ते जाणूनबुजून टाळले. हे कळल्यावर म्हाताऱ्या नवऱ्याच्या घरातला तो घड्याळाचा आवाज वेगळा ऐकू येतो. उलट ‘संत तुकाराम’ला (१९३६) फारशी शिफारस लागत नाही. दामले-फत्तेलाल यांच्या या चित्रपटाचा व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला, मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून अधिक चालला, वगैरे सगळे बाजूला ठेवले तरी गौरीची जिजाई पडद्यावर आली की सिनेमा आजचा होतो. एका हाताने पोराला ओढत, दुसऱ्या हातात पायताण घेऊन देवाला जाब विचारायला निघालेल्या त्या बाईत नव्वद वर्षांत काही जुने झालेले नाही. वैकुंठाचे विमान मात्र जुने झाले आहे. अनुभवी रसिक त्या विमानाचे गुण कापत नाही आणि ‘त्या काळाच्या मानाने’ म्हणून वाढवूनही देत नाही. सवलतीचे गुण द्यायला लागले की पट्टीच दोन होतात आणि शेजारशेजारच्या ओळींची तुलना संपते.

नव्या सिनेमाची गोष्ट उलट. जुन्याच्या भोवती आदर साचलेला असतो, तर नव्याच्या भोवती गलका. टीझर, ट्रेलर, महिनाभर आधी आलेली गाणी, मुलाखती, आणि पहिल्याच खेळाला शिट्ट्या मारणारे थिएटर. गर्दीत पाहिलेला विनोदी सिनेमा घरी एकट्याने पाहिलेल्यापेक्षा वरचे गुण मिळवतो, भयपट तर नक्कीच. पहिल्या दिवसाचे प्रेक्षक हे बहुतांशी आधीच खूश व्हायला आलेले असतात. अमेरिकेत ‘सिनेमास्कोर’ ही संस्था पहिल्याच रात्री प्रेक्षकांकडून ए प्लस ते एफ अशा श्रेणी भरून घेते, आणि तिथे साधा बीसुद्धा निर्मात्याला काळजीत टाकतो. यावर हौशी मंडळींचा उपाय साधा आहे: घरी आल्यावर एक ओळ लिहायची, गुणांचा रकाना मोकळा सोडायचा आणि तो दुसऱ्या दिवशी भरायचा. एका रात्रीत अर्धा तारा सहज गळतो. काहींचा वाढतो.

वाढणाऱ्यांत ‘कोर्ट’सारखे सिनेमे येतात. चैतन्य ताम्हाणे यांचा कॅमेरा लांब उभा राहतो, कोर्टाच्या तारखा पडत जातात, वकील घरी जाऊन जेवतात, आणि खटला कुठे पोचला हे कळायच्या आत कोर्टाला सुट्टी लागते. पाहताना घड्याळाकडे नजर जाते. दोन दिवसांनी तीच संथ दृश्ये मनातून हलत नाहीत. याच्या उलट टोकाला शेवटावर तरणारे सिनेमे. मानसशास्त्रज्ञ डॅनिएल कानेमन आणि सहकाऱ्यांनी १९९३मध्ये माणसांना थंडगार पाण्यात हात धरायला लावला: एकदा ६० सेकंद, एकदा ६० सेकंद आणि वर ३० सेकंद, त्या शेवटच्या तीसमध्ये पाणी किंचित कमी गार. पुन्हा करायचे झाल्यास कोणते, असे विचारल्यावर बहुतेकांनी लांबलेला त्रास निवडला. आठवण सरासरीवर बसत नाही, कळसावर आणि शेवटावर बसते. ‘सैराट’चे (२०१६) गुण ठरवताना नेमका हाच घोळ होतो. शेवटची निःशब्द मिनिटे इतकी हादरवतात की जवळजवळ तीन तासांतले बाकी सगळे त्यांच्या प्रकाशात उजळून निघते. नागराज मंजुळे यांनी गाण्यांनी भरलेला पूर्वार्ध मुद्दाम त्या शांततेसाठी रचला, असे म्हणता येते, आणि तो काही ठिकाणी लांबला असेही म्हणता येते. अशा वेळी ओळीत गुणांशेजारी ‘शेवटामुळे’ असा एक शब्द लिहिणारा रसिक जास्त प्रामाणिक.

सर्वांत बिकट जागा तोंडपाठ सिनेमांची. ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) मराठी घरांत सलग कमी आणि तुकड्यातुकड्यांनी जास्त पाहिला गेला आहे: टीव्हीवर, जेवताना, अर्ध्यातून. त्याला गुण देणे म्हणजे घरच्या माणसाला गुण देण्यासारखे. हृषीकेश मुखर्जी यांचा ‘बीवी और मकान’ (१९६६) पाहिल्यावर कल्पना कुठून आली ते कळते, आणि मराठीतल्या वेगाचे श्रेय सचिन, अशोक सराफ आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांना किती द्यायचे तेही. पण बरेचजण इथे रकाना रिकामाच ठेवतात, आणि ते चूक नाही. अर्धवट सोडलेल्या सिनेमालाही गुण देऊ नयेत, ‘सोडला’ एवढेच लिहावे, असा संकेत बहुतेक जण पाळतात.

एकेकट्याचे गुण हजारोंच्या गुणांत मिसळले की वेगळेच गणित सुरू होते. आयएमडीबीने आपल्या पहिल्या अडीचशेंच्या यादीसाठी जे सूत्र जाहीर केले होते, त्यात सिनेमाची स्वतःची सरासरी आणि साऱ्या सिनेमांची सरासरी यांची मतांच्या संख्येनुसार सरमिसळ होते. किमान २५,००० मतांची अट आणि सातच्या आसपासची सर्वसाधारण सरासरी धरली, तर एक लाख मतांत ८.४ मिळवणारा सिनेमा ८.१वर येतो, आणि चाळीस जणांनी ९.२ दिलेला सिनेमा सूत्रातून ७.० होऊन बाहेर पडतो. गावच्या चाळीस मित्रांनी मिळून आपला सिनेमा जगात पहिला आणू नये म्हणून हा बंदोबस्त. त्याची किंमत छोट्या भाषांतले सिनेमे मोजतात. २५,००० मते जमवणेच त्यांना अवघड जाते. सर्वसाधारण सरासरी पाचाऐवजी सातजवळ का, याचे उत्तर समीक्षक आणि हौशी माणूस यांच्यातल्या, सुरुवातीला सांगितलेल्या फरकात आहे. लोक आवडण्याची शक्यता असलेलेच सिनेमे निवडतात. त्यांच्या गुणांत उदारपणा शोधण्यात अर्थ नाही.

म्हणून दुसऱ्याच्या साडेतीन ताऱ्यांवरून तिकीट काढायचे तर आधी त्याच्या वहीची आणखी पाने पाहावी लागतात. जो माणूस वर्षाला दोनच सिनेमांना चारच्या वर नेतो त्याचे साडेतीन आणि जो प्रत्येक तिसऱ्याला पाच देतो त्याचे साडेतीन यांत मोठे अंतर असते. फिल्म सोसायट्यांच्या खेळांनंतर, मुंबईत १९६८पासून चालत आलेल्या प्रभात चित्र मंडळासारख्या ठिकाणी, हे अंतर गप्पांतूनच कळत आले: अमक्याला बर्गमन सोसत नाही, तमका विनोदाला कधीच भुलत नाही. आकडा नंतर ऐकला तरी चाले.

दुसऱ्यांदा पाहिलेल्या सिनेमाचे जुने गुण खोडू नयेत. खाली नवी ओळ लिहावी. पंचविशीत आणि पन्नाशीत एकाच सिनेमाला दिलेले दोन आकडे एका पानावर असले की पाहणाऱ्यात काय बदलले ते दिसते, आणि खोडल्यावर ते कायमचे जाते. वर्षअखेरीची यादी करताना आणखी एक किरकोळ पण छळणारा प्रश्न उरतो, तो वर्षाचा. ‘कोर्ट’ व्हेनिसला २०१४मध्ये दाखवला गेला आणि इथे एप्रिल २०१५मध्ये लागला. ‘फँड्री’ महोत्सवांत २०१३चा आणि चित्रपटगृहांत फेब्रुवारी २०१४चा. महोत्सवाचे वर्ष धरावे की प्रदर्शनाचे, यावर एकमत नाही. जे धरले ते पुढे बदलू नये, एवढेच पथ्य. जुने सिनेमे या यादीत येत नाहीत. त्यांची ‘यंदा पहिल्यांदा पाहिलेले’ अशी वेगळी यादी होते, आणि मुरलेल्या रसिकाकडे बहुधा तीच जास्त लांब असते.