रोजकीर्द : दिवसाची दहा मिनिटे

महिनाअखेर जवळ आली की "पैसे गेले कुठे?" हा प्रश्न बहुतेक घरांत विचारला जातो. प्रत्येक वेळी उत्पन्न अपुरे असते म्हणून तो पडतो असे नाही. पुष्कळदा खर्चाची नोंद नसते म्हणून पडतो. अशा नोंदीसाठी मराठीत जुना शब्द आहे, 'रोजकीर्द'. पेशवे दप्तरातील मोडी लिपीतल्या रोजकीर्दी पुण्याच्या पुराभिलेखागारात आजही जतन केलेल्या आहेत. राज्यकारभारास जी शिस्त आवश्यक वाटली, ती गृहव्यवस्थेसही तितकीच उपयुक्त आहे.

यासाठी एक साधी वही पुरे. रात्रीचे जेवण आटोपल्यावर डाव्या बाजूस जमा, उजव्या बाजूस खर्च लिहावा आणि उरलेली शिल्लक पाकिटातील रोख रकमेशी ताडून पाहावी. आता भाजीपासून रिक्षाभाड्यापर्यंतचे पैसे मोबाइलवरून दिले जातात. नोटा मोजून द्याव्या लागत नसल्याने खर्च जाणवत नाही. म्हणून हे व्यवहारही वहीत उतरवावेत.

या सवयीचा पहिला लाभ म्हणजे लहान खर्चांचे मोठेपण कळते. दररोजचे ४० रुपये वर्षाला १४,६०० रुपये होतात. आवडीचा खर्च बंदच करावा असे नव्हे. तो जाणून करावा, एवढेच.

दुसरा लाभ सुरक्षिततेचा. आपण न केलेला व्यवहार खात्यात दिसल्यास तो त्याच रात्री ध्यानात येतो. अशा वेळी तत्काळ बँकेस कळवावे आणि १९३० या राष्ट्रीय सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी. येथे विलंब महाग पडतो. रिझर्व्ह बँकेने २०१७ साली ग्राहकाच्या दायित्वाचे नियम ठरवले, तेव्हाही तक्रार किती दिवसांत केली याला त्यांत महत्त्व दिले होते.

तिसरा लाभ कुटुंबाचा. घरातील कर्ती व्यक्ती अकस्मात गेल्यावर कोणती ठेव कोठे आहे, हे अनेकदा कोणासच ठाऊक नसते. दहा वर्षे दावा न झालेल्या ठेवी, २०१४ साली स्थापन झालेल्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीकडे वर्ग होतात. त्यानंतरही वारसांना रक्कम मागता येते. परंतु ठेव आहे हे आधी माहीत हवे. यास्तव वहीच्या अखेरच्या पानावर खाती, मुदत ठेवी, विमा आणि नामनिर्देशन यांची यादी करावी व ती घरातील विश्वासू व्यक्तीस दाखवून ठेवावी. पिन अथवा पासवर्ड मात्र तेथे कदापि लिहू नये.

एखाद्या दिवशी नोंद राहून गेली, तर दुसऱ्या दिवशी ती पूर्ण करावी. खंड पडला म्हणून वही मिटू नये. प्रारंभासाठी पहिल्या तारखेची वाट पाहण्याचेही कारण नाही. आज रात्रीची शिल्लक हीच आपल्या रोजकीर्दीची पहिली ओळ होऊ शकते.