नवे कर्नेल आणि मधला जुना दोष



२००६ साली मी एका शिक्षणसंस्थेतील संगणक सांभाळीत होतो. लिनक्स कार्यप्रणालीचे कर्नेल, म्हणजे यंत्रसामग्री व प्रोग्रॅम यांच्यामध्ये राहून सारे व्यवहार चालविणारा गाभा, मी एका रात्री २.६.१७ या नव्या आवृत्तीवर नेले. सकाळी परीक्षेचे अर्ज पाठवावयाचे होते. काही संकेतस्थळे पूर्वीसारखीच उघडत होती. अर्ज जावयाचे ते स्थळ मात्र मुंगीच्या पावलाने चालले होते. मी घाबरून जुने कर्नेल परत आणले आणि वेग लगेच पूर्ववत झाला. दोष नव्या कर्नेलचा, असा निवाडा मी तेथल्या तेथे देऊन टाकला. तो चुकीचा होता.

अशा वेळी प्रथम पाहावयाचे ते हे की, संथपणा नेमका कोठे आहे. शेजारच्या संगणकाशीही देवाणघेवाण मंदावली असेल, तर संशय नेटवर्क कार्डाच्या ड्रायव्हरवर जातो. कर्नेलबरोबर ड्रायव्हरही बदलतो आणि कार्ड व स्विच यांचा वेगाविषयीचा करार बिघडू शकतो. ‘एथटूल’ ही आज्ञा तो करार दाखविते. आरंभी काही सेकंद खोळंबा व नंतर सुरळीत वेग, असे असेल तर नाव-पत्ता शोधणारी डीएनएस यंत्रणा तपासावी. आमच्याकडे यांतले काहीच नव्हते. घरातील वेग उत्तम होता. बाहेरील मोजकीच स्थळे अडत होती.

येथे टीसीपीची थोडी ओळख करून घ्यावी लागेल. माहिती घेणारा संगणक देणाऱ्यास सतत कळवीत असतो, ‘माझ्याकडे इतक्या बाइटांची जागा आहे, पोच येईपर्यंत त्याहून अधिक पाठवू नका.’ या जागेस ‘विंडो’ म्हणतात. तिचा आकडा लिहावयास १६ बिटेच असल्याने तो ६५,५३५ पुढे जात नाही. लांबच्या वेगवान मार्गांना एवढी जागा अपुरी पडू लागली, म्हणून १९९२ साली एक गुणक ठरला. संभाषणाच्या आरंभीच ‘माझा आकडा १२८ पटीने वाचा’ असे सांगता येऊ लागले.

आता आपल्या धानाच्या व्यवहारातील उदाहरण घ्या. राजेगावच्या शेतकऱ्याने बाघ नदीपलीकडे गोंदियाला चिठ्ठी धाडली, ‘४६ खंडी जागा आहे.’ मधल्या कोणी ‘खंडी’ खोडून ‘कुडो’ लिहिले, तर पलीकडचा व्यापारी ४६ कुडोच धान पाठवील व निरोपाची वाट पाहत बसेल. दोन्ही टोकांची माणसे प्रामाणिक, तरी व्यवहार रखडलेला! काही सदोष राऊटर नेमके हेच करीत. ते गुणकाच्या जागी शून्य लिहून चिठ्ठी पुढे ढकलीत. मग ४६ गुणिले १२८, म्हणजे ५,८८८ बाइटांची जागा पलीकडच्या संगणकास अवघी ४६ बाइटांची वाटे.

मग हे आधी का घडले नाही? जुनी कर्नेले बहुधा शून्य गुणकच पाठवीत. शून्याचे शून्य केल्याने काय बिघडणार? २००४ मध्ये २.६ मालिकेत मोठा गुणक आला तेव्हा अशा तक्रारी प्रथम उठल्या. २.६.१७ मध्ये विंडोची कमाल मर्यादा वाढली आणि त्या पुन्हा ऐकू आल्या. कर्नेलनेच माघार घ्यावी की राऊटर दुरुस्त व्हावेत, यावर जाणकारांत वाद झाला. माझे मत दुसऱ्या बाजूचे आहे. एकाच्या चुकीपायी साऱ्यांनी अरुंद दारातून का जावे?

निदानासाठी मी ‘टीसीपीडंप’ने दोन्ही टोकांस पॅकेटे टिपविली. निघताना गुणक ७ (दोनाचा सातवा घात, म्हणजे १२८), पोचताना ०! मग ‘टीसीपी विंडो स्केलिंग’ ही कर्नेलची कळ तात्पुरती बंद केली आणि स्थळ झटक्यात उघडले. ही कळ कायमची बंद ठेवणे मात्र उपाय नव्हे. जाऊन-येऊन ०.३ सेकंद लागणाऱ्या मार्गावर ६५,५३५ बाइटांची विंडो सेकंदाला सुमारे २ लाख १८ हजार बाइटांपलीकडे जाऊ देत नाही, मग दोरी कितीही जाड असो. जुन्या कर्नेलवर राहणे त्याहून वाईट. त्यात सुरक्षिततेच्या दुरुस्त्या येत नाहीत, आणि मी घाबरून पंधरा दिवस विद्यार्थ्यांची सारी माहिती तशीच उघड्यावर ठेवली होती.

राऊटरमध्ये सुधारित प्रणाली भरली, नवे कर्नेल पुन्हा चढविले, कळ सुरू केली. अर्जांची मुदत तोवर उलटून गेली होती. ते आम्ही विलंबशुल्कासह कागदावर भरून टपालाने धाडले.